दोन खाचा वर

टिकाराम टेंभुर्णेच्या हातात जादू आहे, असं भिलाईत रुआबांध्यापासून नेहरू नगरपर्यंत सारे म्हणायचे. काय डोंबलाची जादू! त्याच्या हातात काय होतं ते शेजारच्या वच्छलाबाईला विचारा. टिकाराम घरात शिरला आणि भांडं आदळल्याचा पहिला आवाज झाला, की ती बिचारी आपला रेडिओ मोठा करायची. रेडिओ मोठा झाला की साऱ्या गल्लीला कळायचं, आज कांताचं काही खरं नाही.

आणि जादू? ती कांताची. कार्बोरेटर उघडायची कांता, जेट मोकळे करायची कांता, सुई बसवायची कांता. टिकाराम पोलादाच्या प्लँटमध्ये खलाशी, म्हणजे ओझी ओढणारा कामगार. पाळी सुटली की रस्त्याच्या कडेला त्याचं गॅरेज, म्हणजे चार बांबू आणि एक ताडपत्री. तिथून तो कार्बोरेटर जेवणाच्या डब्यात घालून घरी आणायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातून परत न्यायचा. गिऱ्हाइकांना वाटे, नाजूक काम आहे, बाबा घरी शांत बसून करतो. घरी शांत बसून तो विडी ओढायचा.

कांताचं माहेर गोंदियाचं. बाप स्टेशनबाहेर स्टोव्ह दुरुस्त करायचा, आणि ही फ्रॉकात होती तेव्हापासून त्याच्याशेजारी बसून निपलात पिन घालायची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी टिकारामनं एका राजदूत मोटारसायकलचा कार्बोरेटर तीनदा उघडला, तीनदा बिघडवला आणि चौथ्यांदा स्वयंपाकघराच्या भिंतीवर फेकून मारला. कांतानं पोळ्या उरकल्या, तुकडे वेचले, ताटलीत पेट्रोल घेतलं आणि बसली. ज्या भोकातून तेल येतं तो जेट, म्हणजे आपल्या स्टोव्हचा निपलच की; यात एवढं रागवायचं काय, असं तिला वाटलं. तासाभरात गाडी सुरू झाली. टिकाराम आधी हसला. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

"बाहेर कोनाजवळ बोललीस न, तर जीभ हासडून हातात देईन," तो म्हणाला.

ती बोलली नाही. सात वर्षं बोलली नाही. आणि मार काही कमी झाला नाही, उलट वाढला. ज्याच्या जिवावर नाव कमवायचं त्यालाच तुडवायचं, अशीही माणसं असतात बाबा.

शहाऐंशीच्या थंडीत भैय्याजी ठेकेदारानं आपली गाडी टिकारामकडे आणली. भैय्याजीचे ट्रक प्लँटमधून स्लॅग, म्हणजे भट्टीतली मळी, वाहायचे. माणूस नागपूरकडचा, तोंडानं गोड, हातानं वाईट. फकिरा ड्रायव्हरनं डिझेल चोरलं म्हणून भैय्याजीनं जॅकच्या दांड्यानं त्याचा हात मोडला होता, भर दुपारी, दहा माणसांसमोर, आणि दहाच्या दहा माणसांनी पोलिसांना सांगितलं की फकिरा ट्रकवरून पडला. अशा भैय्याजीचा एकच जीव की प्राण होता, त्याचा धाकटा भाऊ नरहरी. आणि नरहरीचा जीव त्या गाडीत.

गाडी होती पंचवीस वर्षांपूर्वीची झेक बनावटीची मोटारसायकल, माळरानावर पळवायची. उंच हँडल, वर वळलेला सायलेन्सर, चाकांना बोटभर दात. कोणे एके काळी एका रशियन इंजिनिअरनं घरी परतताना विकली, मग हात बदलत बदलत इथवर आली. पुढच्या महिन्यात उतई रोडच्या माळावर धुळीतली शर्यत होती. जबलपूरची पोरं येणार होती, नागपूरची येणार होती.

"नरहरीले मीनं लेकरावानी वाढवलं," भैय्याजी टिकारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "गाडी जिंकली तर तुले सोन्यानं मढवीन. अन् गाडीनं दगा देला तर ट्रकखाली टाकीन. कार्बोरेटर मात्र ओरिजिनलच पाहिजे बरं का."

"ओरिजिनलच राहीन, भैय्याजी. माहा शब्द," टिकाराम म्हणाला.

कांतानं कार्बोरेटर डब्यातून काढला, उजेडात धरला आणि तिचा चेहरा पडला. अंगावर केसाएवढी चीर, आणि आतला पिस्टन वरखाली होतो ती नळी झिजून अंड्यासारखी झालेली.

"अवो, हा मेला," ती म्हणाली. "याच्यात आता जीव नाही. या गाडीले येझदी फटफटीचा बसते, तो आणा भंगारातून. त्याले मी जमवते."

"मीनं शब्द देला हाय."

"शब्दानं चीर भरते काय?"

बस्स, एवढंच. एवढं वाक्य पुरलं. त्यानं तिचे केस धरले आणि तोंड ओट्यावर आपटलं. मग पट्टा. मग पट्टा तुटला तशी लाथ. शेजारी रेडिओवर शेतकऱ्यांसाठी बाजारभाव सांगत होते, ते साऱ्या गल्लीत ऐकू आले. तिनं पोट वाचवायला हात पुढे केला आणि त्याच्या बुटाखाली डाव्या हाताची करंगळी मोडली. मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला, तेव्हा कुठं तो थांबला.

आणि दुसऱ्या दिवशी हा बहाद्दर भंगारातून येझदीचा कार्बोरेटर घेऊन आला. भैय्याजीला म्हणाला, "मीनं पाह्यलं, ओरिजिनल मेलेला हाय. माझ्या डोक्यात एक आयडिया आली." भैय्याजी म्हणाला, वा, याला म्हणतात मिस्त्री.

कांतानं करंगळीला बांबूची खपाटी बांधली आणि नऊ बोटांनी काम केलं. पेट्रोलवर तरंगणारा पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, भोक झाळलं. तांब्याच्या तारेनं जेट साफ केले. लोखंडी तार घातली की भोक मोठं होतं, हे तिला बापानं चापट मारून शिकवलं होतं. राहिली सुई. सुईच्या डोक्याला पाच खाचा, त्यातल्या एकीत छोटी क्लिप बसते आणि सुई तिच्यावर लटकते. कितव्या खाचेत क्लिप, त्यावर गाडीला पेट्रोल किती, ते ठरतं. चार दिवस टिकारामनं गाडी पळवून प्लग काढून आणला, चार दिवस कांतानं प्लगचा रंग पाहिला. पांढरा म्हणजे गाडी उपाशी, काळा म्हणजे अजीर्ण. चौथ्या दिवशी प्लग चहाच्या रंगाचा आला. क्लिप तिसऱ्या खाचेत, बरोबर मधे.

"आता हात नोका लावू," ती म्हणाली. "हे बसलं."

शर्यतीच्या आदल्या दिवशी तो जेवता जेवता थांबला. आवाज चढवला नाही, म्हणून ती जास्त घाबरली.

"भैय्याजी मले सोडनार नाही. अन् मले काही झालं त त्याच्या आधी तुले. उद्या गाडी पहिली नाही आली, तर घरी आल्यावर तुले जित्ती ठेवत नाही, कांता."

ते खोटं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. मागच्याच महिन्यात त्यानं तिचं डोकं पाण्याच्या ड्रममध्ये दाबून धरलं होतं. तेव्हा दारावर कुणीतरी गिऱ्हाईक आलं म्हणून ती वाचली. आता नरहरी जिंकला तर ती जगणार होती, नाही तर नाही. हिशेब एवढा सोपा होता. एका परक्या पोराच्या गाडीसाठी तिनं त्या दिवशी विहारात जाऊन मेणबत्ती लावली.

माळावर ही गर्दी! सायकली, ट्रक, फुगेवाले, भजीवाले, आणि भोंग्यावर हिंदीतून ओरडणारा एक माणूस. टिकारामनं कांतालाही आणलं होतं. लोकांना सांगायला डबा घेऊन, खरं म्हणजे प्लग बघायला. भैय्याजीच्या ट्रकच्या सावलीत ती बसली होती. पहिली फेरी झाली, नरहरी दुसरा आला. टिकाराम मुठीत प्लग लपवून आला आणि मोठ्यानं म्हणाला, "चहा दे वो." तिनं कप देता देता मुठीत डोकावलं.

"रंग बरोबर हाय. काही करू नोका. पोराले म्हना, वळणावर गियर लवकर पाडून नोको राहू."

आता हे सांगायचं भैय्याजीच्या भावाला, की चूक गाडीची नाही, तुझी आहे. टिकारामची काय छाती! शेवटच्या फेरीआधी नरहरी उतरला, चष्मा फेकला आणि म्हणाला, "सीधे पट्टे में दम ही नहीं है, भैया. पीछे रह जाती है." भैय्याजीनं टिकारामकडे पाहिलं.

"माझ्यासमोर कर. आत्ता," तो म्हणाला. "दम भर तिच्यात."

भोवती पन्नास माणसं. साऱ्या भिलाईचा कार्बोरेटरवाला मधे. बायको चाळीस पावलांवर, आणि तिला विचारायची सोय नाही. टिकारामनं झाकण उघडलं, पिस्टन वर काढला, सुई हातात घेतली. दम म्हणजे पेट्रोल. पेट्रोल वाढवायचं म्हणजे वर. त्याच्या डोक्यात जास्त म्हणजे वर, याच्यापलीकडे कधी काही नव्हतंच. त्यानं क्लिप तिसऱ्या खाचेतून काढली आणि पार वरच्या खाचेत घातली.

चहा घेऊन कांता गर्दीच्या कडेपर्यंत आली होती, तिथून तिनं ते पाहिलं. अरे माणसा, क्लिप वर गेली की सुई खाली बसते! कप भरायचं निमित्त करून ती धावली, त्याच्या कानाशी वाकली.

"अवो, उलटं झालं. क्लिप वर गेली का सुई खाली जाते. पेट्रोल कमी होते. इंजिन धरन—"

त्यानं वळून थोबाडीत दिली. अशी, की ती मातीत बसली आणि गरम चहा तिच्या मानेवरून खाली गेला. माणसं हसली. "घर का मामला है," भोंगेवाला भोंग्यातूनच म्हणाला, आणि माणसं अजून हसली. भैय्याजीही हसला. टिकारामनं झाकण बंद केलं.

ती ट्रकच्या चाकाला टेकून उभी राहिली. तिला पाहायचं नव्हतं, पण कान कसे बंद करणार? शेवटची फेरी सुटली. माळाभोवती पहिला फेरा. दुसरा. नरहरी पुढे होता, लोक नाचत होते, आणि तिला एकटीला ऐकू येत होतं की आवाज पातळ होत चालला आहे. स्टोव्हमधलं तेल संपायला आलं की ज्योत कशी निळी, कडक होते, तसा. टिकाराम टाळ्या वाजवत होता. तिसऱ्या फेऱ्यात, सरळ पट्ट्यावर, सगळ्यात जास्त वेगात, इंजिन किंचाळलं आणि धरलं, म्हणजे तापून आतल्या आत जाम झालं.

मागचं चाक जागच्या जागी थिजलं. गाडी आडवी झाली, नरहरी हँडलवरून उडाला, तोंडावर पडला, घसरत गेला, आणि मागून येणाऱ्या जबलपूरच्या पोराची गाडी त्याच्या मांडीवरून गेली. ते हाड मोडलेलं चाळीस पावलांवरून दिसलं. त्याला उलटा केला तेव्हा पुढचे दात नव्हते आणि खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता. तो ओरडत होता, पण शब्द होत नव्हते, नुसतं रक्त येत होतं. भैय्याजीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याला जीपमध्ये घातलं, जीप दवाखान्याकडे पिटाळली. स्वतः गेला नाही. आपल्या भावाच्या रक्तानं माखलेल्या सदऱ्यानिशी तो टिकारामकडे चालत आला.

दुर्गचा म्हातारा मिस्त्री गुलाबराव शर्यतीच्या गाड्या तपासायला होता. त्यानं कार्बोरेटर उघडला, सुई काढली, पाहिली. "क्लिप पार वर हाय," एवढंच तो म्हणाला. पुढचं त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! पण त्यानंही फकिराची गोष्ट ऐकली होती. तो सुई कापडावर ठेवून बाजूला झाला आणि आभाळाकडे पाहू लागला.

"हे तू केलं," भैय्याजी म्हणाला. "माझ्या डोळ्यासमोर केलं."

"मीनं पेट्रोल वाढवलं, भैय्याजी! कसम हाय! खोट आधीचीच होती!" टिकाराम सुटायला धडपडत होता. भैय्याजीच्या दोघा माणसांनी त्याला बखोटीला धरलं होतं. त्याची नजर गरगर फिरली आणि कांतावर थांबली. "तिनं केलं! ते माहं काम नाही, तिचं हाय. कार्बोरेटर तीच करते, भैय्याजी. सारे तीच करते. साऱ्या भिलाईचे कार्बोरेटर सात वर्षांपासून तीच करून राहिली. मले त त्यातलं काहीच समजत नाही!"

पन्नास माणसं कांताकडे वळली. गाल सुजलेला, मान भाजलेली, केसांत माती. बाई? ही?

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी तिला लाज वाटायला हवी होती, भीती वाटायला हवी होती. पण तिला आनंद झाला. समोर पोराचे दात मातीत पडले होते आणि तिच्या छातीत आनंद मावत नव्हता, की हे शेवटी कुणीतरी मोठ्यानं बोललं. मग त्या आनंदाचीच तिला शिसारी आली.

भैय्याजी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "खरं हाय का?"

"हो."

"मंग मले सांग. क्लिप वर केली का पेट्रोल वाढते, का कमी होते?"

भैय्याजीच्या खांद्यावरून तिला टिकाराम दिसत होता. तो मान हलवत होता, वाढते म्हण, वाढते म्हण. डोळ्यांत पाणी. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. वाढते म्हटलं असतं तर सगळं तिच्यावर आलं असतं, आणि बाईमाणसावर चारचौघांत दांडा उचलायला भैय्याजी कदाचित कचरला असता. टिकाराम सुटला असता. घरी गेला असता. तिच्यामागून, कडी लावून. आणि खरं बोललं तर वच्छलाबाईसकट सारी वस्ती म्हणणार होती, की बाईनं आपला माणूस त्या लोकांच्या हातात दिला. म्हणोत. वस्तीनं रेडिओ मोठा केला होता.

"कमी होते," कांता म्हणाली. "क्लिप वर गेली का सुई खाली बसते, भोक बुजते. इंजिन उपाशी तापते अन् धरते. मीनं तिसऱ्या खाचेत ठेवली होती. यायले सांगाले आली, तर यायनं मले मारलं. तुमी हसले."

भैय्याजीनं गुलाबरावकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं आभाळावरची नजर न काढता मान हलवली.

मग ते सुरू झालं. पहिला ठोसा भैय्याजीनं स्वतः मारला, नाकावर. मग माणसांनी. टिकाराम पडला, त्यांनी त्याला उठवला, तो पुन्हा पडला, मग उठवायचं सोडून बुटांनीच भागवलं. बरगडी मोडली तेव्हा तो "कांता, कांता" करत होता. गर्दीतली पोरं मागं सरकली, पण गेलं कुणी नाही. एकानं ट्रकच्या सीटखालून जॅकचा दांडा आणला. ट्रकचा मागचा फाळका पाडला आणि टिकारामला त्याच्यापाशी ओढत नेला.

भैय्याजी दांडा हातात घेऊन धापा टाकत होता. त्यानं घाम पुसला, कांताकडे वळला, आणि एकदम शांत, जवळजवळ आदरानं विचारलं, "बाई, मीनं ध्यान देलं नव्हतं. तुनं पाह्यलं. यानं कोनत्या हातानं केलं?"

"दोन्हीनं," कांता म्हणाली. "एका हातानं धरते, एका हातानं मारते."

भैय्याजीनं तिचा गाल पाहिला, खपाटी बांधलेलं बोट पाहिलं. मग माणसांना खूण केली आणि त्यांनी टिकारामचे दोन्ही हात फाळक्यावर पसरून धरले.

तो कार्बोरेटरचं विचारत होता. कांताला ते कळलं होतं, चांगलं कळलं होतं. दांडा वर गेला तेव्हाही तिला बोलायला वेळ होता. ती बोलली नाही.